हातापायाला मुंग्या, डोकं गरगरतंय आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल: निदान होईपर्यंत करायचं काय?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात अचानक गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण वाढू लागले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत यायला लागली. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही मृत्यूही झाले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतूनही संशयित रुग्णांच्या बातम्या आल्या. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच ओळ फिरायला लागली: हातापायाला मुंग्या आल्या तर सावध व्हा.

ओळ चुकीची नव्हती, पण अपुरी होती. मुंग्या कुणाला येत नाहीत? मांडी घालून पंगतीला बसलं तरी येतात. जीबीएस हा दरवर्षी साधारण एक लाख लोकांमागे एक-दोघांना होणारा आजार आहे. ज्यांना महिनोन्महिने तळपाय बधिर वाटतात, उठलं की भोवळ येते, सकाळी कूस बदलली की खोली फिरते, त्यातल्या बहुतेकांना जीबीएस नसतो. पण काहीतरी असतंच. ते काय आहे हे कळेपर्यंत कधी आठवडे, कधी महिने जातात. मधल्या काळात ऊस तोडायचा असतो, मुलांना शाळेत सोडायचं असतं, गाडीवरून कामाला जायचं असतं. या मधल्या काळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी एक गोष्ट: ‘चक्कर’ म्हणजे नेमकं काय?

दवाखान्यात जाऊन ‘चक्कर येते’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना त्यातून फार थोडं कळतं. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि त्या प्रत्येकामागे वेगळं कारण असू शकतं.

‘गरगरतं’ म्हणजे आपण स्थिर असताना घर फिरतंय असं वाटणं. हे बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाशी संबंधित असतं. ‘भोवळ’ किंवा ‘घेरी’ म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडणार असं वाटणं. याचा संबंध रक्तदाब, हृदय, रक्ताचं प्रमाण, उपाशी पोट यांच्याशी असतो. तिसरा प्रकार ‘तोल जातो’. डोकं ठीक असतं, पण पाय कुठे पडतोय ते कळत नाही. याचं मूळ अनेकदा पायांच्या नसांत किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूत असतं. चौथा प्रकार ‘डोकं हलकं हलकं वाटतं’. तो झोप, चिंता, औषधं अशा कशानेही येतो.

तिसऱ्या प्रकाराची एक साधी खूण आहे. आंघोळीच्या वेळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, किंवा रात्री लाइट गेल्यावर अंगणातून चालता येत नाही, पण उजेडात सगळं ठीक असतं. पायांतून मेंदूकडे जाणारी खबर कमी झालेली असते आणि डोळे तिची भरपाई करत असतात. डोळे मिटले की ती भरपाई संपते. अशा माणसाला चक्करच्या गोळ्या देऊन काही उपयोग नसतो, कारण त्याला चक्कर येतच नसते.

बधिरपणाचंही तसंच. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतोय, की एकाच हाताची अंगठ्याकडची तीन बोटं रात्री सुन्न होतायत? पहिला प्रकार मधुमेह, जीवनसत्त्वाची कमतरता, दारू, काही औषधं यांत दिसतो. दुसरा बहुधा मनगटात दबलेल्या नसेचा असतो. शिवणकाम करणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, धार काढणाऱ्या हातांना तो चांगलाच माहीत आहे. कानाच्या आतला बिघाड आणि मनगटातली दबलेली नस एकाच माणसाला एकाच वेळी असू शकते. दोन लक्षणं एकत्र आली म्हणजे आजार एकच, असं धरून चालणाऱ्यांची शोधाशोध लांबत जाते.

वाट बघायची नाही अशा वेळा

पुढचं सगळं वाचण्याआधी हे वाचावं. बधिरपणा किंवा चक्कर अचानक, म्हणजे काही सेकंदांत किंवा मिनिटांत सुरू झाली आणि सोबत तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, एकाची दोन माणसं दिसायला लागली किंवा उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. जत किंवा पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून निघालं तर यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून आधी गावात सलाईन लावू, रात्री बघू, सकाळी जाऊ, असं करणं महागात पडतं. १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच थेट जावं. लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते घड्याळ बघून लक्षात ठेवावं. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

दुसरी वेळ जीबीएसची. यात मुंग्यांपेक्षा अशक्तपणा महत्त्वाचा. आठ-पंधरा दिवसांपूर्वी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. मग पाय जड होतात, जिना चढवत नाही, खाली बसलं की उठता येत नाही आणि हे दिवसागणिक वर सरकत जातं. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर एक तासही थांबू नये. या आजारात चौघा-पाचांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागू शकतो. चांगली बाजू अशी की इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लवकर मिळाले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालायला लागतात.

कंबरदुखीसोबत मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ही तिसरी वेळ. तिथे मणक्याच्या खालच्या नसा दबलेल्या असू शकतात आणि शस्त्रक्रिया तातडीने लागू शकते. डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर, छातीत दुखून आलेली भोवळ, तापासोबत मान आखडणं यांतही थांबायचं नसतं.

यातलं काहीच नसेल, तर मात्र वेळ आहे. तो कसा वापरायचा हा पुढचा प्रश्न.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काय सिद्ध झालं?

बहुतेकांची घुसमट इथे सुरू होते. एमआरआय काढला, पैसे गेले, रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, काहीच नाही, टेन्शन घेतोस. पण एमआरआय हा मेंदूचा आणि मणक्याचा फोटो असतो. पायातली नस कशी काम करते ते त्यात दिसत नाही. कानाच्या आत सरकलेले सूक्ष्म कण दिसत नाहीत. बी-१२ किती आहे ते दिसत नाही. उभं राहिल्यावर रक्तदाब किती पडतो तेही दिसत नाही.

नसांची विजेवरची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, जाड नसांचं काम मोजते. आग आणि टोचणी देणाऱ्या बारीक नसा बिघडल्या असतील तर ती नॉर्मल येऊ शकते. जीबीएसमध्येही पहिल्या काही दिवसांत ही तपासणी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात, म्हणून डॉक्टर ती काही वेळा पुन्हा करायला सांगतात. रिपोर्ट नॉर्मल येणं याचा अर्थ त्या तपासणीत दिसणारा आजार त्या दिवशी दिसला नाही, इतकाच. ही बातमी चांगली असते, कारण गाठ, मोठा पक्षाघात वगैरे भीतीदायक शक्यता मागे पडतात. पण शोध तिथे संपत नाही.

याच्या उलटही घडतं. चाळिशीनंतर मानेचा एमआरआय काढला की काहीतरी सापडतंच. ‘मणक्यात गॅप’, ‘शीर दबली’ हे शब्द ऐकून माणूस वर्षानुवर्षं गळ्यात पट्टा घालून फिरतो. मणक्यांची झीज केस पिकण्यासारखी आहे. ती फोटोत दिसली म्हणजे तिच्यामुळेच चक्कर येते असं होत नाही. आपल्याकडे चक्करचं खापर मानेवर जितकं फोडलं जातं, तितकी मान त्याला जबाबदार नसते.

बी-१२: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकणारी तपासणी

पश्चिम महाराष्ट्रात हा मुद्दा सविस्तर बघायला हवा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तीन गट होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं. ही माणसं आजारी म्हणून आलेली नव्हती, आपापली कामं करणारी होती. शाकाहारी लोकांमध्ये हे प्रमाण जास्त होतं, आणि ते अपेक्षितच आहे, कारण बी-१२ वनस्पतींत जवळपास नसतंच. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. माळकरी घर, चहापुरतं दूध, बाकी सगळं डेअरीला, असं असेल तर कमतरतेला वेळ लागत नाही.

बी-१२ नसांवरचं आवरण टिकवायला लागतं. ते दीर्घकाळ कमी राहिलं तर पायाला मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटतं, अंधारात तोल जातो. रक्त कमी झाल्याने दमही लागतो आणि भोवळही येते. बधिरपणा आणि चक्कर या दोन्ही तक्रारी एकाच मुळातून येण्याची जी मोजकी कारणं आहेत, त्यातलं हे सगळ्यात जास्त आढळणारं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत बी-१२ आणखी खाली जातं. पाय बधिर झाले की ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. निम्मं कारण शुगर कमी करणारी गोळीच असू शकते, हे लक्षात येत नाही. ती गोळी मनाने बंद करायची नाही. बी-१२ तपासायचं.

आता चूक कुठे होते ते बघू. माणूस अशक्तपणा घेऊन जातो, ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेतो, त्या लाल रंगाच्या औषधात बी-१२ असतं, आणि मग आठवड्याने रक्त तपासलं की आकडा भरपूर येतो. रिपोर्टवर ‘जास्त’ असं लिहिलेलं असतं आणि खरं कारण कायमचं झाकलं जातं. रक्त आधी द्यावं, इंजेक्शन नंतर घ्यावं. इंजेक्शन झालेलंच असेल तर डॉक्टरांना तारखेसकट सांगावं. आकडा सीमारेषेवर असेल तर होमोसिस्टीनसारखी जोड तपासणी सांगितली जाते.

आणखी एक बारीक गोष्ट. मेडिकलमधून ‘नसांच्या गोळ्या’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ मोठ्या प्रमाणात असतं. ते जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात आणि पाय बधिर होतात. बधिरपणावरची गोळीच बधिरपणा वाढवते. म्हणून या गोळ्याही ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून अमर्याद खाण्यासारख्या नसतात.

सकाळी कूस बदलली की घर फिरतं

हे वर्णन ऐकलं की जाणकार डॉक्टरांचा निम्मा शोध संपतो. कानाच्या आत चुनखडीसारखे सूक्ष्म कण असतात. ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलवल्यावर मेंदूला चुकीची खबर जाते. झोपताना, कूस बदलताना, वर माळ्यावरचा डबा काढताना घर गरगरतं, एका मिनिटाच्या आत थांबतं, पण उलटी आणते आणि माणूस घाबरून जातो. याला बीपीपीव्ही म्हणतात. रुग्णाला विशिष्ट पद्धतीने आडवं करून डोळ्यांची थरथर बघितली की निदान होतं. त्यासाठी स्कॅन लागत नाही. उपचारही तसाच: डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागेवर आणायचे. ‘एपली’ नावाची ही पद्धत कान-नाक-घसा तज्ज्ञ दहा-पंधरा मिनिटांत करतात.

तरीही हजारो लोक यासाठी वर्षानुवर्षं चक्करच्या गोळ्या घेत बसतात. त्या गोळ्या चार-पाच दिवसांपुरत्या ठीक. त्यांतल्या काही जास्त काळ घेतल्या तर मेंदू स्वतः तोल सावरायला शिकतो ती प्रक्रिया मंदावते, आणि वयस्कर माणसांत हातापायाची थरथर, हालचाल संथ होणं असे परिणाम दिसू शकतात.

उठल्यावर येणाऱ्या भोवळीसाठी घरीच एक मोजमाप करता येतं. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांनी असं होऊ शकतं. उन्हाळ्यात माण-खटावच्या उन्हात काम आणि पाणी कमी, यानेही होतं.

द्राक्षबागेतली चक्कर

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या पट्ट्यात एक प्रश्न विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही: शेवटची फवारणी कधी केली? द्राक्षाच्या हंगामात औषधांचे फेरे लागोपाठ असतात. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात. घाम सुटणं, लाळ गळणं, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, स्नायू फडफडणं आणि चक्कर, ही तातडीची विषबाधा. त्यात कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. पण याच गटातल्या काही औषधांमुळे मोठी बाधा झाली तर दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या आणि अशक्तपणा सुरू होऊ शकतो. तोवर फवारणी विसरलेली असते आणि दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला जी पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. हे रसायन दारू पचवण्याची शरीरातली एक पायरी अडवतं. दिवसभर पेस्टिंग करून संध्याकाळी थोडी घेतली, की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोकं गरगरतं, रक्तदाब पडतो. प्यायलेली दारू खराब होती असं वाटतं. कारण बागेत असतं. पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण टाळणं हाच उपाय आहे.

दवाखान्यात जाताना औषधाच्या डब्याचा फोटो न्यावा. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आणि खाली लिहिलेलं रसायनाचं नाव, दोन्ही दिसली पाहिजेत. दुकानातल्या नावावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही.

दोन कारणं, ज्यांची नावं घ्यायला लोक कचरतात

पहिलं कुष्ठरोग. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर गरम-थंड कळत नाही, किंवा करंगळीकडची बोटं सुन्न आणि कोपराशी नस जाड लागते. चक्कर यात नसते. उपचार सहा महिने किंवा वर्षभराचे, सरकारी केंद्रांत मोफत, आणि लवकर सुरू केले तर हातपाय वाचतात. मिरजेत वॉन्लेस हॉस्पिटलच्या परंपरेतलं रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय दीर्घकाळ हेच काम करत आलं आहे. लाजेपायी वर्ष गेलं की नसेचं नुकसान भरून येत नाही, भीती या उशिराचीच बाळगावी.

दुसरं कारण मनाचं, आणि इथे गैरसमज सगळ्यात जास्त. भीतीने श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना खरोखर मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हे नाटक नसतं, रसायनशास्त्र असतं. मेंदूचा फोटो नॉर्मल असून त्याचं काम बिघडलेलं असतं, अशीही एक अवस्था आहे. न्यूरोलॉजिस्ट ती तपासणीतल्या ठोस खुणांवरून ओळखतात. तिच्यावर व्यायामोपचार आणि समुपदेशन चालतं. मात्र ‘टेन्शन’ हे निदान बी-१२, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि उभं राहून मोजलेला रक्तदाब न बघता देऊ नये. बायकांच्या बाबतीत हे फार सर्रास होतं. सुनेला चक्कर आली की आधी ‘काही गोड बातमी?’, मग ‘कामाचा कंटाळा’, आणि मग देवऋषी. रक्ताची साधी तपासणी या रांगेत शेवटी येते.

कुठे जायचं, कुणाला आधी दाखवायचं

थेट न्यूरोलॉजिस्टकडे धावायची गरज बहुतेकांना नसते. जवळचा एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर पहिल्या फेरीच्या तपासण्या करू शकतो. गरगरण्याची तक्रार असेल तर कान-नाक-घसा, दोन्ही पाय बधिर असतील तर आधी एमडी मेडिसिन, आणि अशक्तपणा, एकाच बाजूची लक्षणं किंवा येऊन जाऊन पुन्हा येणारा बधिरपणा असेल तर न्यूरोलॉजिस्ट.

या पट्ट्यात मोठ्या रुग्णालयांची सोय बरी आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कऱ्हाडला कृष्णा हॉस्पिटल, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत १९६२ पासून चालणारं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मिरज तर १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उभारल्यापासून दवाखान्यांचंच गाव आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता, तिथले दर वेगळे, पण खासगीपेक्षा बरेच कमी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बाहेरून केलेल्या एमआरआयचे पैसे तिच्यातून मिळतील, हे गृहीत धरू नये.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांना एका रुग्णासाठी पाच-सात मिनिटं मिळतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून एक साधी वही उपयोगी पडते. तारीख, वेळ, काय करत असताना झालं, किती मिनिटं टिकलं, कोणत्या बाजूला, उपाशी होतं का, पाळीचे दिवस होते का, फवारणी झाली होती का. चालताना तोल जात असेल किंवा चक्करच्या वेळी डोळे थरथरत असतील तर घरच्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरसमोर लक्षण नेमकं गायब होतं, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, काढे आणि भस्मंसुद्धा. काही भस्मांत शिसं किंवा इतर जड धातू असू शकतात आणि शिसं नसांना बाधतं. टीबीची औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगावं, त्यातल्या काहींमुळे हातापायाला मुंग्या येतात आणि त्यावर उपाय असतो.

तोवर रोजचं घर कसं चालवायचं

बधिर पायाला जखम कळत नाही, हे सगळ्यात मोठं संकट. रात्री झोपण्याआधी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात, स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरावा. अनवाणी फिरू नये, देवळाच्या तापलेल्या फरशीवरसुद्धा. आंघोळीचं पाणी बधिर हाताने नव्हे, कोपराने तपासावं. शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा वीट बधिर भागावर ठेवू नये. फोड आलेला सकाळी कळतो.

गरगरण्याचा झटका अवेळी येत असेल तर निदान होईपर्यंत दुचाकी चालवू नये. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण वाडीवरून बाहेर पडायला दुसरं साधन नसतं. निदान घाटरस्ता, हायवे आणि मागे लेकरू बसवणं तरी टाळावं. विहिरीच्या काठावर, उसाच्या ट्रॉलीवर, कडबा कुट्टीच्या मशिनवर काम दुसऱ्याकडे द्यावं. शेतीची वीज रात्रीच येते म्हणून पाणी द्यायला जावं लागत असेल, तर एकट्याने जाऊ नये. अंधारात तोल जाणाऱ्यांसाठी डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातात काठी, हे औषधाइतकंच कामाचं आहे. रात्री लघवीला उठताना आधी काठावर मिनिटभर बसावं, मग उभं राहावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना नवरात्रीचे कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत.

उलट्या टोकालाही जाऊ नये. चक्करच्या भीतीने महिनाभर अंथरुणात पडून राहिलं की स्नायू ढिले होतात आणि तोल आणखी बिघडतो. उजेडात, सपाट जागेवर, कुणीतरी सोबत असताना रोज चालणं चालू ठेवावं.

मोबाईलवर लक्षणं शोधण्याला एक मर्यादा घालावी. शोधलं की पहिल्या पानावर ट्यूमर आणि मल्टिपल स्क्लेरोसिस येतात, कारण तिथे क्रम वाचकांच्या भीतीने लागतो, आजार किती जणांना होतो त्यावर लागत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस होतो, पण आपल्याकडे तो तुलनेने कमी आढळतो. त्यातली लक्षणं सहसा दिवसभर किंवा त्याहून जास्त, काही वेळा आठवडेच्या आठवडे टिकतात. पाच मिनिटांत येऊन जाणाऱ्या मुंग्या सहसा त्याच्या नसतात.

घरातल्या एका तरी माणसाला सगळं सांगून ठेवावं: वही कुठे आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणत्या लक्षणाला १०८ लावायचा. काळजीने झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणं म्हणजे आजार मनाचा आहे अशी कबुली देणं नव्हे. महिनाभर उत्तराविना राहिलेल्या कुणाचीही झोप उडते.

आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये. ‘हे रिपोर्ट नॉर्मल आले, तर आता कोणत्या शक्यता उरल्या? पुन्हा कधी दाखवू? त्याआधी काय झालं तर लगेच येऊ?’ हे तीन प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून नेले, तर घाईतही विचारायचे राहत नाहीत.